येण्याचे कारण : तारीख

माझे आजोबा शहादा तालुक्यातले शेतकरी होते. शेताच्या बांधावरून सुरू झालेला एक दावा त्यांनी धुळ्याच्या न्यायालयात अनेक वर्षे चालवला आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी ते सारंगखेड्याला तापी ओलांडून, दोंडाईच्याहून मोटार धरून धुळ्याला मुक्कामी जात. आमच्या घरात त्या मुक्कामाच्या जागेला कोणी लॉज म्हणत नसे. ‘बाबा माडीवर उतरले आहेत,’ एवढेच आजी सांगायची. ही माडी म्हणजे आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीतली, इंग्रजी अमदानीत कापसाच्या व्यापाऱ्याने बांधलेली दुमजली इमारत असून ती आजही लॉज म्हणून चालू आहे, हे मला अगदी अलीकडे, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर कळले. गेल्या चैत्रात, इतिहासाचे जुने कागद जपणाऱ्या राजवाडे संशोधन मंडळात काही कागद पाहण्याच्या निमित्ताने मी धुळ्याला तीन रात्री राहिले, त्या याच माडीवर.

खोली मिळवण्यापासूनच अडचणी सुरू झाल्या. खोल्या आरक्षित करून देणाऱ्या एका संकेतस्थळावर मला हे लॉज दिसले, म्हणून मी तिथेच तीन रात्रींचे पैसे भरले. नंतर लॉजवर फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, ‘ताई, आमचा त्या लोकांशी काही संबंध नाही. फोटोसुद्धा आमचा नाही.’ पैसे परत मिळायला सहा आठवडे लागले आणि त्यातही काही रक्कम सेवाशुल्क म्हणून कापली गेली. त्या दिवसापासून मी जुन्या लॉजच्या बाबतीत एक पथ्य पाळते. आधी जागेवर फोन करायचा, मालकाशी किंवा व्यवस्थापकाशी बोलायचे आणि खोली कोणत्या बाजूला आहे, न्हाणीघर आत आहे की गॅलरीच्या टोकाला, जिना किती उंच आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपयाही भरायचा नाही. काकांनी, म्हणजे फोनवरच्या त्या मालकांनी, मला चैत्र पौर्णिमेनंतरच यायला सांगितले. पौर्णिमेच्या सुमारास पांझरेच्या काठी एकवीरा देवीची यात्रा असते आणि जाऊळ काढायला आलेल्या कुटुंबांनी गावातल्या सगळ्या खोल्या भरून जातात.

चाळीसगावहून धुळ्याला येणारा रेल्वेचा फाटा 1900 साली सुरू झाला. मी त्याच गाडीने आले. स्टेशनवरून रिक्षा आग्रा रोडला लागली, तेव्हा मी रस्ता पाहण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या गल्ल्या मोजत होते. धुळ्यातल्या या भागात गल्ल्यांना नावांपेक्षा क्रमांकच अधिक चालतात. कोणी पत्ता सांगतो तो ‘चार नंबर गल्ली’, ‘सहा नंबर गल्ली’ असाच. बाहेरच्या माणसाला हा नव्या वसाहतीतला प्रकार वाटेल, परंतु या सरळ गल्ल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या आहेत. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली, तेव्हा हे गाव नदी आणि पाटाचे पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, बागायतीने वेढलेले होते. 1819 च्या मोजणीत इथे 401 घरे आणि 2,509 माणसे भरली. ब्रिग्जने कचेऱ्या बांधायला घेतल्या, लांबून कारागीर आणवले आणि व्यापाऱ्यांनी इथे वस्ती करावी म्हणून घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, शिवाय पक्की घरे बांधायला उचलही दिली. शाळेत इतिहास शिकवताना हे सारे मी अनेकदा फळ्यावर लिहिले होते. पण त्या धोरणातून उभ्या राहिलेल्या पेठेत, तशाच एका जागेवर बांधलेल्या घरात झोपायला मिळेल असे कधी मनात आले नव्हते.

इमारतीच्या तळमजल्यावर दुकानांचे गाळे आहेत आणि त्यांच्या पाट्यांमुळे समोरून ती इमारत ओळखूच येत नाही. मान वर केल्यावरच गॅलरीचे ओतीव लोखंडी खांब, त्यांच्या माथ्यावरची वेलबुट्टी आणि पागोळ्यांच्या लाकडी झालरी दिसतात. दोन गाळ्यांच्या मधल्या अरुंद दारातून जिना वर जातो. हा जिना सागवानी आहे, त्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्या आहेत आणि कठड्याऐवजी छताला बांधलेला जाड दोर धरून चढावे लागते. माझ्या गुडघ्यांना तो जिना पहिल्या दिवशी फार जड गेला. पिशवी वर नेणारा मुलगा मात्र पुढच्या पायरीकडे न पाहता चढत होता.

वरच्या दिवाणखान्यात टेबलामागे काका बसले होते. त्यांनी कापडी बांधणीची लांबट वही उघडली. ओळखपत्राची प्रत, नाव, वय, गाव, कुठून आले, कुठे जाणार हे सगळे लिहून झाल्यावर त्यांनी जरा अडखळत विचारले, ‘सोबत कोणी नाही का, ताई?’ एकट्या बाईला खोली देताना लहान शहरातले लॉजवाले अजूनही बिचकतात आणि याआधी दोन गावांत मला याच कारणाने परत फिरावे लागले आहे, म्हणून माझ्या पोटात गोळा आला. मी शहाद्याकडची असल्याचे सांगितले आणि नकळत अहिराणीत बोलून गेले. काकांचा चेहराच बदलला. ‘मंग आधी सांगतीस नई का! बठ, पानी पी ले,’ असे म्हणून त्यांनी आतल्या चौकाकडे हाक मारली आणि त्यांच्या मातोश्री मला पाहायला बाहेर आल्या. आजींनी माझे माहेर, आजोळ आणि गावातली दोन घरे विचारून घेतली आणि आपल्या स्वयंपाकघराला लागून असलेली, चौकाच्या बाजूची खोली मला द्यायला सांगितली. दर रोजाला सहाशे रुपये ठरला. वहीत ‘येण्याचे कारण’ या रकान्यात काकांनी स्वतःच ‘अभ्यास’ असे लिहिले.

आता खोलीविषयी. अशा घरात कसे राहायचे हे मला नव्याने शिकावे लागले आणि ते नीट सांगितले तर दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. भिंती पक्क्या विटांच्या आणि चुन्याच्या असून त्यांची जाडी माझ्या हाताने सव्वा हात भरली. छत इतके उंच की खाटेवर उभे राहूनही हात तुळईच्या जवळपास पोचत नाही. त्याच्या वर मंगळुरी कौले आहेत. बेसल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला आणि पुढे हे यंत्रावर दाबलेले, एकमेकांत अडकणारे कौल पश्चिम किनाऱ्यावरून आत आत पसरत गेले. कौल आणि खोली यांच्या मध्ये सागवानी फळ्यांचा माळा घातलेला आहे, त्यामुळे कौले तापली तरी ती धग थेट अंगावर येत नाही. छताच्या मधल्या तुळईला दोन मोठे लोखंडी आकडे होते. कापडी झालरीचा पंखा त्यांना टांगलेला असे आणि त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर बसलेल्या माणसाच्या हातात असे. ते भोक आता सिमेंटने बुजवले आहे, पण त्याचा गोल वण चुन्याच्या थरातूनही दिसतो. दिवसभर दोरी ओढत बसणाऱ्या त्या माणसाची जागा गॅलरीत नेमकी कुठे असेल, हे मी बाहेर जाऊन पाहून आले. पश्चिमेच्या उन्हाची ती जागा होती.

खोलीला चौकाकडे दोन आणि गल्लीच्या कोपऱ्याकडे एक अशा तीन उंच खिडक्या आहेत. प्रत्येकीला बाहेरून लाकडी पट्ट्यांच्या झडपा आणि आतून काचेची तावदाने आहेत. झडपेच्या मधोमध एक उभी दांडी असते. ती वर ढकलली की साऱ्या पट्ट्या एकदम मिटतात, खाली ओढली की उघडतात आणि मधे धरली तर ऊन अडते, वारा मात्र येतो. माझ्या खिडकीच्या दांडीला हाताच्या पकडीच्या जागी लाकूड गुळगुळीत होऊन काळसर चमकत होते आणि तिच्या खालच्या टोकाला कोणीतरी केव्हा तरी तांब्याच्या तारेचे तीन वेढे देऊन फाटलेला भाग बांधला होता. भिंतीत अगदी वर, छताखाली, झरोके आहेत आणि त्यांची तावदाने भिंतीवरच्या खुंटीला गुंडाळलेल्या दोरीने उघडतात.

पहिल्या दिवशी मी मोठी चूक केली. खोली कोंदट वाटली म्हणून सकाळी दहाच्या सुमारास तिन्ही खिडक्या सताड उघडून मी मंडळात निघून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा खोली भट्टीसारखी तापली होती, खाटेच्या लोखंडी चौकटीला हात लाववत नव्हता आणि विजेचा पंखा तीच गरम हवा फिरवत होता. चैत्रातच धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. नाशिकला राहून सवय मोडली होती, एवढेच. त्या रात्री आग्रा रोडवरची वर्दळ थांबायला साडेअकरा वाजले, त्यानंतर डास आले आणि मला पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी आधुनिक हॉटेलात जावे असा विचार पक्का करून मी बॅग भरायला घेतली होती.

चहा घेऊन आलेल्या आजींनी ती बॅग पाहिली, खिडक्यांकडे पाहिले आणि न बोलता कामाला लागल्या. त्यांनी मला सांगितलेली रीत अशी. सूर्य उगवण्याआधी सगळ्या खिडक्या आणि झरोके उघडायचे. नऊच्या आत झडपा मिटायच्या, तावदाने लावायची आणि झरोके मात्र तसेच उघडे ठेवायचे, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. दुपारी फरशीवर ओले फडके फिरवायचे. दिवस कलल्यावर आधी चौकाकडच्या खिडक्या उघडायच्या, कारण चौकात पाणी शिंपडलेले असते, आणि अंधार पडल्यावर गल्लीकडची. पूर्वी दारांना वाळ्याचे पडदे असत आणि त्यांवर पाणी मारायला स्वतंत्र गडी असे, हेही त्यांनी सांगितले. मी बॅग ठेवून दिली. त्या दिवशी दुपारी चार वाजता मंडळातून परतले, तेव्हा बाहेरच्या लखलखत्या उन्हातून त्या अंधाऱ्या, ओल्या फरशीच्या वासाच्या खोलीत पाऊल टाकताना अंगावर शहारा आला. त्या खोलीत वातानुकूलन यंत्र नव्हते आणि मला त्याची आठवणही झाली नाही. ज्यांनी हे घर बांधले त्यांना आपल्या उन्हाळ्याची पुरती जाण होती. घर मात्र स्वतःहून थंड राहत नाही, दिवसातून चार वेळा कोणीतरी उठून ते थंड ठेवावे लागते.

न्हाणीघर गॅलरीच्या टोकाला आहे. सकाळी चौकात तांब्याचा बंब पेटतो आणि मुलगा एकेक बादली गरम पाणी दारापाशी ठेवून हाक मारतो. पाणी जपून वापरावे लागते. ज्यांना खोलीला लागून स्वच्छतागृह हवेच असते त्यांनी इथे येऊ नये, आणि ज्यांचे गुडघे किंवा हृदय दुबळे आहे त्यांनीही त्या जिन्यावर चढू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

जेवण लॉजकडून मिळत नाही. पाचकंदीलच्या बाजूला पायी गेले की खाणावळी आहेत आणि तिथे मी पहिल्या रात्री शेवभाजी खाल्ली. दुसऱ्या रात्री मात्र आजींनी मला आत बोलावले. कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली भाकरी, मिरचीचा ठेचा, फोडणीचे वरण आणि तेलात तळलेली कुरडई, असे जेवण चुलीशेजारी पाटावर बसून झाले. शेजारच्या खोलीत सुरतेला उधन्याला स्थायिक झालेले एक कुटुंब उतरले होते. यात्रा उलटून गेली तरी नातवाचे जाऊळ राहिले होते, म्हणून ते मुद्दाम आले होते. त्यांच्या घरातली तिसरी पिढी गुजरातीत शिकते, पण आजीशी सगळे अहिराणीतच बोलत होते.

जेवणानंतर काकांनी कपाट उघडून जुन्या वह्या दाखवल्या. आजोबांच्या काळातल्या वह्या वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे त्यांचे नाव शोधण्याचा प्रश्नच उरला नाही आणि मला त्याचे वाईट वाटले. उरलेल्या वह्या 1980 च्या पुढच्या होत्या. मी त्या दिव्याखाली धरून पानामागून पान उलटत गेले. गावे होती शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, नवापूर. आणि ‘येण्याचे कारण’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द : तारीख. तारीख. तारीख. काही ठिकाणी लिहिणाऱ्याने कंटाळून नुसत्या दोन आडव्या रेघा मारल्या होत्या, म्हणजे वरीलप्रमाणेच. मधेच कुठे ‘दवाखाना’, कुठे ‘कापूस’, कुठे ‘जेल भेट’. 1932 साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, त्या दिवसांत भेटीला येणारी माणसेही माडीवर उतरत असत, असे काका त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकल्याप्रमाणे सांगतात.

त्या रकान्याकडे पाहताना मला एका जिल्ह्याचा आकार प्रथमच नीट कळला. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि पश्चिम खानदेशाचे ठाणे धुळे राहिले. सातपुड्याच्या पायथ्यापासून, त्याच्याही आत धडगावपासून, ज्याला दिवाणी दावा लढवायचा होता, ज्याला कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा होता, त्याला एक दिवसात जाऊन परत येणे शक्य नव्हते. त्याने एक रात्र कुठेतरी काढायचीच. कापसाच्या व्यापाऱ्याची ही माडी लॉज झाली ती या एका रात्रीमुळे. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि ही गावे तिकडे गेली. त्यानंतरच्या वह्यांमध्ये तळोदा, अक्कलकुवा ही गावे हळूहळू दिसेनाशी होतात आणि पाने रिकामी राहू लागतात. तिकडच्या लोकांचे हाल कमी झाले, हे योग्यच झाले. माझ्या आजोबांच्या वाट्याला आलेल्या पावसाळ्यातल्या वाऱ्या, तापीला पूर आला म्हणून चुकलेल्या तारखा आणि पुन्हा पुढची तारीख, हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. पण त्या हालांसाठीच उभ्या राहिलेल्या या घराने आता कोणत्या कामावर जगायचे, हा प्रश्न काकांसमोर खरोखरच उभा आहे. गाळ्यांचे भाडे येते, त्यावर कौलांची दरवर्षीची डागडुजी कशीबशी भागते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आता गावात मिळत नाही, म्हणून मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि त्याच भिंतीत ओल धरली. ती ओल मी पाहिली. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंट तिचे तोंड बंद करते आणि आत अडकलेले पाणी विटा खात बसते. विजेच्या तारा भिंतीवरून उघड्याच गेल्या आहेत आणि एवढे जुने लाकूड असलेल्या घरात ते मला धोक्याचे वाटले. हे मी काकांना सांगितलेही. त्यांनी मान डोलावली आणि वायरमनला बोलावण्याचे कबूल केले.

चौथ्या दिवशी सकाळी निघताना हिशेब झाला. तीन रोजांचे अठराशे आणि गरम पाण्याचे वेगळे काही नाही. जेवणाचे पैसे आजींनी घेतले नाहीत, उलट ज्वारीच्या बिबड्यांची, म्हणजे पापडांची, पुडी हातात ठेवली. काकांनी वहीत माझ्या नावापुढे जाण्याची वेळ लिहिली आणि दिवाळीआधी पिंजाऱ्याला बोलावून गाद्या नव्याने भरून घेणार असल्याचे सांगितले. कार्तिकात मला मंडळातले राहिलेले कागद पाहायला यायचेच आहे, म्हणून चौकाकडची तीच खोली मी आताच सांगून ठेवली. दोर धरून एकेक पायरी उतरले आणि गल्लीत येऊन रिक्षात बसताना वर पाहिले. मुलगा माझ्या खोलीत पोचला होता. कोपऱ्याकडच्या खिडकीतल्या झडपेची दांडी वर सरकली आणि सगळ्या पट्ट्या एकदम मिटल्या. नऊ वाजायला आले होते.